एकट्या ओळीची महिरप

आमच्या तळ्याचं पाणी धड गोडं नाही आणि धड खारंही नाही. एका बाजूने समुद्र आत शिरतो, दुसरीकडून डोंगरातली नदी येते, आणि मध्ये त्या दोघांचं काय ठरतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. अशा पाण्यावर वाढलेली माणसंही तशीच निपजतात. ती हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. "बघू या" म्हणतात आणि चहा पुढे करतात. काट्सुबे फुमिए ही तर त्या माळेतला मेरुमणीच.

फुमिए मच्छीमारांच्या सोसायटीत नोकरीला होती. ती तरुण असताना सोसायटीने हौसेने एक संगणक आणला. तो कुणालाच चालवता येईना, तेव्हा तो तिच्या गळ्यात पडला. काठावरच्या शेडमध्ये तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपले, निवडायची यंत्रं होती, तिसऱ्यांच्या पोटातली वाळू निघावी म्हणून पाण्याच्या टाक्या होत्या, पंप होते. त्यांना हुकूम द्यायचे तर दर वेळी शहरातून साहेब बोलवावा लागे. साहेब यायचा, जेवायचा, काहीतरी लिहायचा आणि जायचा. त्याने काय लिहिलं हे पुढचा साहेब येईपर्यंत कुणाला कळत नसे. फुमिएच्या मनात आलं, आपल्या माणसांना स्वतःच लिहिता येईल अशी एक लहानशी भाषा का असू नये? मग सोसायटीची कामं आटोपून, फावल्या वेळात, खिडकीतून तळ्याकडे बघत बघत तिने प्रोग्राम लिहायची एक भाषा केली. नाव ठेवलं शिजिमी. आमच्या तळ्यातल्या काळ्या, नखाएवढ्या तिसऱ्यांना शिजिमी म्हणतात.

जगात मोठमोठ्या भाषा आहेत, त्यांच्यापुढे शिजिमी म्हणजे खरोखरच तिसरी. पण ती रुजली. सोसायटीतून ती साके गाळणाऱ्या ओंदांच्या भट्टीत गेली, मग गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात, मग काकड्यांच्या काचघरांत, मग शाळेत. पुढे तर लांबलांबच्या गावांतून पत्रं येऊ लागली. फुमिए निवृत्त झाली तरी भाषा तिच्याकडेच राहिली. म्हातारपणी काही बायका मांजर पाळतात. फुमिएने व्याकरण पाळलं होतं.

शिजिमीत दोनचार कामं एकत्र बांधायची असली, की ती महिरपी कंसात घालायची. शाळेत गणितात घालतो तेच हे नागमोडी कंस, एक उघडणारा आणि एक मिटणारा. 'टाकी भरली तर' असं लिहायचं, आणि भरल्यावर काय काय करायचं ते पुढे कंसात. नियम सरळ होता. फक्त एक सवलत होती. करायचं काम एकच असेल, तर कंस नाही घातला तरी चालायचं. या सवलतीवर फुमिएने पुस्तिकेत एक वाक्य लिहिलं होतं: 'एकट्या पाहुण्याला कुंपण कशाला?' वाक्य लोकांना इतकं आवडलं की ओंदांनी एका नववर्षाला ते हातरुमालांवर छापून गिऱ्हाइकांना वाटलं. बाहेरगावचे विद्वान म्हणत, काय दृष्टी आहे, काय साधेपणा आहे!

ते वाक्य शुद्ध थाप होती.

खरं कारण होतं कागेयामा शुन्जी. कागेयामा आधी होडीवर होते. पहाटेच्या धुक्यात होडीत उभं राहून लांब दांड्याच्या फावड्याने तळ खरवडायचा आणि तिसऱ्या वर काढायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. एका हिवाळ्यात दोर ओढायच्या चाकात त्यांचा उजवा हात सापडला आणि शेवटची दोन बोटं गेली. ठरत आलेलं लग्नही त्याच हिवाळ्यात मोडलं. सोसायटीने त्यांना काठावरच्या शेडमध्ये आणून बसवलं आणि हातात शिजिमीची पुस्तिका दिली. फुमिए एकदा काही कामाने शेडमध्ये गेली तेव्हा ते पाठमोरे बसून टाइप करत होते. महिरपी कंसाची कळ कीबोर्डाच्या उजव्या टोकाला असते, नेमकी जिथे त्यांची बोटं नव्हती तिथे. ते अख्खा हात उचलून तिरपा नेत, मधल्या बोटाने कळ शोधत, पुन्हा हात जागेवर आणत. फुमिएला ते बघवेना. ती तशीच मागे फिरली, आणि चार दिवसांत भाषेत ती सवलत आली.

फुमिएला कागेयामा आवडायचे. आवडायचे म्हणजे आवडायचे, त्यात आडपडदा नको. पण ते सांगणार कोण आणि कसं? प्रोग्रामात बहुतेक ठिकाणी काम एकच असतं, म्हणजे बहुतेक ठिकाणचा कंस त्यांचा वाचेल, एवढा तिने हिशेब केला आणि त्यावर समाधान मानलं. दुसऱ्या एखादीने चिठ्ठी लिहिली असती. हिने व्याकरणात कलम घातलं. आता व्याकरण वाचून कुणाचं काळीज हललंय? वर पुन्हा कुणाला संशय येऊ नये म्हणून तिने त्या पाहुण्याच्या आणि कुंपणाच्या वाक्याची मखलाशी केली. पुढे दोघांचीही लग्नं झाली नाहीत. योग आला नाही, असं दोघंही म्हणत. योग हे आपल्या भित्रेपणावर घालायचं फार ऊबदार पांघरूण आहे.

दरवर्षी शरद ऋतूत शिजिमी वापरणाऱ्यांची सभा भरते. तिथे फुमिए विचारायची, "कागेयामासान, कसं चाललंय?"

ते म्हणायचे, "उत्तम. एकट्या कामाला कंस लागत नाही ना, फार सोपं पडतं."

"असं का? बरं झालं."

तीसेक वर्षं त्यांचं प्रेमप्रकरण म्हणतात ते एवढंच होतं. पण त्या 'सोपं पडतं'वर फुमिए वर्षभर जगायची. तळ्याकाठी बाकावर बसलं की पलीकडच्या डोंगरांवरून ढग पाण्यात उतरत, कुठे पाणी संपलं आणि कुठे आकाश लागलं कळेनासं होई, आणि त्या करड्या गुंगीत तिला वाटे, आत्ता, या क्षणी, कुठेतरी कागेयामासान एक ओळ लिहितायत आणि त्यांचा हात दुखत नाहीये. तेवढ्यावर तिची दुपार सरायची.

या गुंगीला तडा गेला तो या वर्षी. सोसायटीच्या शेडमध्ये आता इतोहारा नाओ काम बघते. तिशीतली, चटपटीत, बोलण्यात तिखट. वाळू काढायच्या टाक्यांसाठी एक जुना प्रोग्राम होता: टाकी रिकामी असेल तर पंप बंद कर. एकच काम, म्हणून कंस नव्हता. नाओने त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली, तिसऱ्यांसाठी पाण्यात सोडलेली हवा बंद कर. रिकाम्या टाकीत हवा सोडून काय उपयोग, हा विचार. दोन्ही ओळी एकाखाली एक, सारख्याच आत सरकवलेल्या, बघणाऱ्याला जुळ्या बहिणी. पण कंस नसल्यामुळे 'रिकामी असेल तर' ही अट फक्त पहिल्या ओळीलाच लागू होती. दुसरी ओळ मोकाट सुटली. टाकी रिकामी असो की भरलेली, हवा बंद! सकाळी झाकणं काढली तर शेडभर तिसऱ्या तोंड वासून मेलेल्या.

नाओने सोसायटीची माफी मागितली, घरोघर जाऊन मच्छीमारांची मागितली, आणि शेवटी बीनच्या गोड वड्यांचा पुडा घेऊन फुमिएकडे आली. पुडा चटईवर सरकवून ती खाली मान घालून बसली.

"फुमिएसान, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"रागवायला मी काय तुझी सासू आहे? बोल."

"चूक माझीच आहे. मला नियम माहीत होता. शाळेत पोरांना मीच तर शिकवते! पण डोळ्यांना ती ओळ आतलीच दिसत होती हो. आणि पोरांचंही तेच. दोन 'तर' आले आणि खाली एकच 'नाहीतर' आला, की भांडतात, हा 'नाहीतर' कुणाचा? मी सांगते, जवळच्या 'तर'चा. मग ती म्हणतात, बाई, पण दिसतो तर लांबच्याचा."

"मग तुझं म्हणणं काय?"

नाओने एक खोल श्वास घेतला. "सगळीकडे कंस घालायचाच. काम एक असो की दहा. सवलत नको. सगळीकडे एकच रूप असलं की विचारच करावा लागणार नाही." मग घाईघाईने म्हणाली, "आता मी हे म्हटलं तर लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. पण खरं सांगते, टाक्यांच्या आधीपासून माझ्या मनात होतं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"कशी बोलणार? मी ओंदासानना विचारलं होतं. ते म्हणाले, खबरदार, ते वाक्य म्हणजे फुमिएसानचा जीव की प्राण आहे. त्याला हात लावलास तर तळ्यात ढकलीन."

फुमिए नेहमीप्रमाणे "बघू या" म्हणाली आणि तिने चहा पुढे केला. पण निम्मा चहा बशीत सांडला. तिला मेलेल्या तिसऱ्यांचं वाईट वाटत होतं, या पोरीचं त्याहून वाटत होतं, आणि मनातल्या मनात ती जाणून होती की नाओचं म्हणणं रास्त आहे. तिला स्वतःलाच ती सवलत पहिल्या दिवसापासून कुसळासारखी सलत आली होती. भाषा अशी करायची नसते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण सवलत गेली तर सत्तरीला टेकलेल्या कागेयामांना प्रत्येक ओळीला तो हात तिरपा उचलावा लागणार. तो हात तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एकीकडे गावाची भाषा आणि दुसरीकडे तो एक हात.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट थेट सभेत मांडत नाहीत. आधी घरोघर जायचं, बसायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि उठता उठता विषय काढायचा. सभेच्या दिवशी कुणाला काही नवं ऐकू येता कामा नये. शिजिमीची ही घरोघरची फेरी म्हणजे फुमिएचं काम. ती ओंदांकडे गेली. भट्टीतल्या वाफेत उभे राहून ओंदा म्हणाले, "तुम्हाला जसं बरं वाटेल तसं. पण हातरुमाल अजून शिल्लक आहेत हो माझ्याकडे." मग म्हणाले, "कागेयामासानना विचारलंत का?" स्नानगृहाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "मला मेलीला काय कळतंय, पण कागेयामासान काय म्हणतात?" काचघरवालाही तेच म्हणाला. फुमिए मनात चरफडली. जिथे जावं तिथे हे सगळे तिला नेमकं त्याच दाराकडे ढकलत होते.

मध्ये एक दिवस ती नुसतीच बाकावर बसून राहिली. पाणी हलत नव्हतं. दूर होड्या एका जागी थांबलेल्या, त्यांतली माणसं लांब दांडे धरून उभी, जणू कुणीतरी त्यांना तिथे लिहून ठेवलं होतं. तिचा डोळा लागला असावा, कारण तिला पाण्यावर ओळी दिसू लागल्या, तीस वर्षांच्या सगळ्या उघड्या ओळी, एकेकट्या, ज्यांच्याभोवती काहीच नव्हतं. आणि त्या हळूहळू समुद्राच्या बाजूला वाहत चालल्या होत्या. ती उठून उभी राहिली तेव्हा गाल ओले होते. भुरभुर सुरू झाली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती कागेयामांकडे निघाली. दारात बसून बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि छत्री आत राहिल्याचं ध्यानात आलं. आमच्याकडे म्हण आहे, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नको. आता बूट घालून घरात पाऊल टाकायचं नाही, आणि नाड्या पुन्हा सोडायचा कंटाळा. मग तिने केलं जे आम्ही सगळेच करतो: गुडघे टेकले, बुटांचे पाय मागे हवेत उचलले, आणि साठी उलटलेली ती बाई रांगत रांगत आत निघाली. अर्ध्या वाटेत ती थांबली. घरात ती एकटीच. बघणारं कुणी नव्हतं, बूट कोरडे होते, दोन पावलं टाकली असती तर चटईला काय झालं असतं? पण पाय खाली टेकलेच नाहीत. असा विचार करायचं पायांच्या मनातही आलं नव्हतं. नियमाला सवलत नसली की माणसाला दर वेळी ठरवावं लागत नाही, आणि त्यातच त्याचा आराम असतो. मागे हवेत बूट धरून फुमिएला हे जितकं स्वच्छ दिसलं तितकं इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. ती छत्री घेऊन तशीच रांगत बाहेर आली. सवलत काढायची हे आता कागेयामासानना सांगायचंच, आणि पाया पडून माफी मागायची, असं तिने ठरवलं.

निवृत्तीनंतर कागेयामांनी तळ्याकाठच्या आपल्या होडीघरात बस्तान मांडलं होतं. गावातल्या कुणाचा पंप, कुणाची भट्टी, सगळ्यांचे प्रोग्राम ते तिथे बसून लिहीत. पाय गारठू नयेत म्हणून त्यांच्या मेजाला चहूबाजूंनी जाड गोधडी लावलेली असे. त्या दिवशी ती गोधडी धुऊन बाहेर काठीवर वाळत घातली होती. दार उघडं होतं. कागेयामा पाठमोरे बसून काम करत होते, आणि त्यांचा पाय हलत होता.

फुमिए दारातच थबकली. मेजाखाली शिलाई मशीनचा जुना पायटा होता, वर्षानुवर्षांच्या घासणीने गुळगुळीत झालेला. त्यातून एक वायर निघून संगणकात गेली होती. चवडा दाबला की पडद्यावर महिरपी कंस उघडायचा, टाच दाबली की मिटायचा. वर आठ बोटं धावत होती आणि खाली पाय, पायपेटी वाजवणाऱ्या बुवांसारखे ते रंगात आले होते. इतक्या झरझर कंस घालणारं माणूस फुमिएने जन्मात पाहिलं नव्हतं.

"कागेयामासान, हे काय आहे?"

ते दचकून उठले, आणि गोधडी नाही हे विसरून पाय झाकायला हात खाली नेला. मग कानाच्या पाळ्या लाल करून उभे राहिले.

"हे होय? आईच्या शिलाई मशीनचं."

"ते दिसतंय मला. केलंत कधी?"

"हात गेला ना, त्याच हिवाळ्यात."

"सवलत आली त्याच्या आधी?"

"आदल्या दिवशी म्हणा ना. तुम्हाला दाखवावं म्हणून कापडात बांधून ठेवलं होतं. तेवढ्यात तुम्हीच आलात. केवढ्या खुशीत होतात! म्हणालात, यापुढे एकट्या कामाला कंस नको. मला वाटलं, फुमिएसानना ही कल्पना भारीच आवडलेली दिसते. मग कशाला उगाच विरस करा?"

"आणि तेव्हापासून तुम्ही एकट्या ओळी बिनकंसाच्या लिहिताय?"

"तुम्हाला आवडतं म्हणून."

"मला कुठे आवडतं! मला ते पहिल्या दिवसापासून खुपतंय!"

"मलाही," कागेयामा म्हणाले. मग घसा साफ करून पुढे म्हणाले, "नाओचानसारखं माझंही झालं होतं पूर्वी, दोनदा. टाक्या भरून वाहिल्या. मी कुणाला बोललो नाही."

"आणि दरवर्षी तोंड वर करून सांगत होतात, सोपं पडतं म्हणून!"

"तुम्ही विचारायचातच इतक्या आशेने."

फुमिएला काय करावं कळेना. हसावं तर रडू येत होतं, रडावं तर हसू. बाहेर गोधडीवरून पाणी ठिबकत होतं. कागेयामांनी गरम पाण्यात चहाची पूड घोटायला घेतली, कारण आमच्याकडे असल्या वेळी दुसरं काही करता येत नाही. वाटी तिच्यापुढे ठेवून ते हळूच म्हणाले, "पण मग एक सांगा. तुम्हाला आवडत नव्हती, मला नको होती, तर ती सवलत तुम्ही केलीत कशाला?"

झालं. इतकी वर्षं जो प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता तो विचारला गेला, आणि तोही त्या माणसाने. तिने वाटी दोन्ही हातांत धरली, फिरवली, ठेवली.

"सभेत सांगते," ती म्हणाली, आणि चहा न पिताच उठली.

परतताना ती काठाकाठाने चालली होती आणि स्वतःवर इतकी चिडली होती की पायाखाली बघत नव्हती. एक शब्द बोलता आला नाही म्हणून एवढं रामायण! पोरांची भांडणं, नाओच्या तिसऱ्या, त्यांच्या दोन टाक्या, आणि हा माणूस गोधडीआड पाय लपवून तिच्यासाठी चुका करत बसलेला. ज्याचा हात वाचावा म्हणून तिने भाषा वाकडी केली, त्याने ती वाकडी भाषा तिचं मन राखायला तीस वर्षं सोसली. सवलत काढायची हे आता सोपं होतं, त्यात काहीच उरलं नव्हतं. अवघड होतं ते कारण सांगणं. आणि कारण न सांगता ती काढायची तर पुन्हा एखादं गोंडस वाक्य रचावं लागलं असतं. तसली दुसरी थाप ती आता मेली तरी लिहिणार नव्हती.

सभा नेहमीप्रमाणे तळ्याकाठच्या सभागृहात भरली. चटयांवर उशा, मध्ये चहा, बशांत तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. नाओने आपलं म्हणणं मांडलं. मुद्दे चोख होते. आमच्याकडे हात वर करून मतं घेत नाहीत. सगळे गप्प बसतात, आणि गप्प बसणं पुरेसं लांबलं की ठराव मंजूर. पण या वेळी ती शांतता वेगळी होती. प्रत्येक जण फुमिएकडे बघायचं टाळत फुमिएकडेच बघत होता. ओंदांनी तर चेहरा असा केला होता, जणू गावात कुणी गेलंय.

फुमिए गुडघ्यांवर सरळ झाली.

"नाओचानचं बरोबर आहे," ती म्हणाली. "कंस सगळीकडे हवा. आणि पुस्तिकेतलं ते पाहुण्याचं वाक्य खोटं आहे. मी ते मागाहून लिहिलं, खरं कारण झाकायला."

ओंदांच्या हातातली चकती तशीच राहिली.

"ती सवलत मी कागेयामासानसाठी केली होती. त्यांच्या हाताला कंस टाइप करताना त्रास व्हायचा, तो मला बघवत नव्हता. का बघवत नव्हता, तर ते मला आवडायचे. अजूनही आवडतात. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांना सांगायचं सोडून मी तुम्हा सगळ्यांच्या भाषेत घातलं, आणि निस्तरावं तुम्हाला लागलं. मला माफ करा." आणि तिने चटईला कपाळ टेकवलं.

स्नानगृहाच्या मालकीणबाई भरलेल्या पेल्यात चहा ओतू लागल्या आणि तो मेजावरून खाली गळू लागला तरी ओततच राहिल्या. काचघरवाला छताचे वासे मोजत होता. फुमिएने डोकं वर केलं नाही.

मागच्या भिंतीजवळून कागेयामांचा आवाज आला. इतक्या वर्षांत भर सभेपुढे ते कधी एक अक्षर बोलले नव्हते.

"मला एक विचारायचंय. हा नियम लागू झाला, की माझे जुने सगळे प्रोग्राम बंद पडतील ना? एकट्या ओळींना कंस नाहीत माझ्या."

फुमिए खालमानेनेच म्हणाली, "हो. सगळे पडतील."

"प्रत्येक ओळ शोधून कंस घालावा लागेल?"

"हो."

"वर्षं लागतील."

"वर्षं?" नाओ उसळून म्हणाली. "छे हो, कागेयामासान! मी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिलाय, सगळे कंस आपोआप घालतो, एका मिनिटात—"

"नाओचान," ओंदा म्हणाले आणि हातातली चकती त्यांनी तिच्या तोंडात कोंबली, "खा."

कागेयामा त्यांच्याकडे बघतही नव्हते. "एका माणसाला वर्षं लागतील," ते म्हणाले. "दोघं बसली तर किती लागतील, फुमिएसान?"

फुमिएने मान वर केली. तिचं नाक लाल झालं होतं आणि कपाळावर चटईचे वळ उमटले होते.

"दोघांना तर जास्तच लागतील," ती म्हणाली. "आपण बोलत बसू ना."